ड्रोनवर हत्यार: सीमेवर चालतं ते चौकात का चालू नये

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आधी सांगतो. त्याच्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे. दोन हंगाम तो उसावर आणि डाळिंबावर फवारणी करतोय. आता एका ठेकेदारामार्फत बंदोबस्तासाठी ड्रोन उडवायचं काम येऊ घातलंय. तूर्त कॅमेराच, पण ‘पुढेमागे अश्रुधुराची नळकांडीही सोडावी लागतील’ असं त्याच्या कानावर घातलंय. तो विचारतो: मे २०२५ मध्ये आपले हत्यारबंद ड्रोन सीमेपार गेले तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग पोलिसांनी तेच वापरलं तर चुकलं कुठे? आणि मी हे काम घ्यावं का?

काम घ्या, पण कॅमेऱ्यापुरतं. नळकांडं सोडायचं बटण स्वतःच्या हातात घेऊ नका. का, ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेलेत आणि त्यांची गाठ सोडवल्याशिवाय उत्तर पटणार नाही.

मी तोफखान्यातला. नोकरीची शेवटची काही वर्षं निरीक्षणाच्या ड्रोनवरून येणारं चित्र वाचण्यात गेली. आमच्याकडची सर्चर आणि हेरॉन ही नुसत्या डोळ्याची विमानं, त्यांच्यावर हत्यार नव्हतं. पण आम्ही जे पाहून सांगायचो त्यावर तोफा चालणार, हे ठाऊक असायचं. निवृत्तीनंतर सोलापुरात आलो आणि आता तुमच्यासारख्या पोरापोरींना ड्रोन शिकवतो. या विषयाचा मी दोन्ही टोकांनी विचार केलेला आहे.

‘लांबून मारणं हा भ्याडपणा’ हे वाक्य सगळ्यात आधी बाजूला ठेवतो. गोलंदाजाने शत्रूचं तोंड कधीच पाहिलेलं नसतं. दिशा, उंची, दारूचा चार्ज हे आकडे येतात, दोरी ओढली जाते, वीस-पंचवीस किलोमीटरवर गोळा पडतो. तो कुठे पडला ते पुढच्या टेकडीवर ओपीत, म्हणजे निरीक्षण चौकीत, बसलेला माणूस वायरलेसवर सांगतो. अंतरामुळे कृत्य अनैतिक ठरत असेल तर शंभर वर्षांतला प्रत्येक तोफखाना गुन्हेगार ठरेल. तसं मला वाटत नाही.

ड्रोनमुळे बदललं ते वेगळंच. मारणारा आता बघू शकतो, तासन्‌तास. आणि बघताना त्याच्या स्वतःच्या जिवाला कसलाही धोका नसतो. पहिल्या बदलावर खूप लिहिलं जातं. माझं सगळं उत्तर मात्र दुसऱ्यावर उभं आहे.

गस्तीवरच्या जवानाच्या हातून चूक झाली तर आपण त्याच्या जागी उभे राहून विचार करतो. समोरून गोळ्या येत होत्या, अंधार होता, क्षणभराचा अवधी होता. ही सबब खरी असते आणि कायदाही ती ऐकून घेतो. वातानुकूलित खोलीत पडद्यापुढे बसलेल्या माणसाला ती सबब नाही. त्याला थांबता येतं. दुसऱ्याला विचारता येतं. आज नको, उद्या म्हणता येतं. कुणी त्याच्यावर गोळी झाडत नाहीये. म्हणून चालवणारा जितका सुरक्षित, तितकी त्याची चूक कमी क्षम्य. हत्यारबंद ड्रोन वापरायचा असेल तर हा सौदा मान्य करूनच वापरला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. २९ ऑगस्ट २०२१, काबूल. अमेरिकन सैन्य बाहेर पडत होतं आणि तीन दिवसांपूर्वीच विमानतळावर मोठा आत्मघाती स्फोट झाला होता. एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर ड्रोनने जवळजवळ आठ तास नजर ठेवली. गाडीत काही डबे भरले जाताना दिसले, ती स्फोटकं ठरवली गेली. घराच्या आवारात गाडी शिरली आणि क्षेपणास्त्र सुटलं. दहा माणसं गेली, त्यात सात मुलं. गाडी एका मदतसंस्थेत काम करणाऱ्याची होती आणि डब्यांत पाणी होतं. सुरुवातीला अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याने या हल्ल्याला योग्य म्हटलं. १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

यातली मला छळणारी गोष्ट म्हणजे ते आठ तास. घाई तिथे नव्हती, अंधार नव्हता, चालवणाऱ्याच्या अंगावर कुणी येत नव्हतं. तरीही डोळ्यांनी तेच पाहिलं जे डोक्यात आधी बसलं होतं. ड्रोनचा कॅमेरा म्हणजे उसाच्या पोकळ कांडीतून बघणं. जेवढं दिसतं तेवढं स्वच्छ दिसतं आणि म्हणूनच फसवतं, कारण बाजूचं काहीच दिसत नाही.

हे मी माझ्या विद्यार्थ्यांना एकदा शिवारातच दाखवलं. परवानगी घेऊन रात्री थर्मल कॅमेऱ्याचा सराव होता. सगळीकडे ऊस, वर सुमारे ऐंशी मीटरवर ड्रोन. पडद्यावर एक पांढरी आकृती आली. खांद्यावर काहीतरी लांब. सरीतून वाकून चालत होती, मध्येच बसायची, उठायची, चार पावलं मागे जायची, परत बसायची. मी पोरांना विचारलं, काय आहे? एक म्हणाला चोर, मोटारीची केबल कापायला आलाय. दुसरा म्हणाला, सर, खांद्यावर बंदूक वाटते. एकीने तर ‘लपतोय, त्याला ड्रोनचा आवाज आलाय’ असं ठामपणे सांगितलं. मी उत्तर न देता त्यांना बांधावरून चालत तिकडे नेलं. रात्रीची थ्री फेज लाईट आली म्हणून दारं धरायला आलेला म्हातारा शेतकरी होता. खांद्यावर खोरं. बसत होता ते पाणी कुठवर आलंय ते बघायला. आम्हाला बघून त्याने विचारलं, "काय हरवलंय का, पोरांनो?"

ही पोरं कुणबी घरांतली. स्वतः दारं धरून वाढलेली. आपल्याच बापाला वरून ओळखता आलं नाही त्यांना. मग दुसऱ्या देशातला, दुसरी भाषा बोलणारा, दुसऱ्या तऱ्हेने शेती करणारा माणूस हजारो किलोमीटरवरून कसा ओळखायचा? २४ ऑक्टोबर २०१२ रोजी पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात शेतात भेंडी तोडणारी एक आजी, मोमिना बीबी, अशाच हल्ल्यात मारली गेली. वर्षभराने तिचा तेरा वर्षांचा नातू झुबेर अमेरिकी संसदेच्या सदस्यांपुढे बसला आणि त्याने सांगितलं की आता त्याला निळं आभाळ आवडत नाही, करडं आवडतं, कारण आभाळ भरून आलं की ड्रोन उडत नाहीत. आपण सोलापूरचे लोक जून लागला की ढगांची वाट बघतो, पाण्यासाठी. त्या पोराने ढगांची वाट का बघावी?

ही भीती बॉम्बइतकीच खरी आहे. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या नि अफवांनी लोक काठ्या घेऊन जागत होते. कुणीही काही टाकलं नव्हतं. नुसता वरून येणारा आवाज.

तरीसुद्धा युद्धात हत्यारबंद ड्रोनला माझा सरसकट विरोध नाही, आणि हे मी मनापासून सांगतो. तोफेच्या नळीतून सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही. तो हवेत असताना रस्त्यावर बैलगाडी आली तर ओपीतला माणूस फक्त बघत राहतो. नागपुरात बनलेला नागास्त्र-१ हा घिरट्या घालून झेपावणारा ड्रोन २०२४ पासून आपल्या सैन्याकडे आहे. वजन सुमारे नऊ किलो, त्यात एक किलोचं स्फोटक. लक्ष्य चुकीचं वाटलं किंवा सापडलंच नाही तर तो मोहीम सोडून परत येतो आणि पॅराशूटने उतरतो. माझ्या लेखी या हत्याराचा सगळ्यात मोठा गुण हाच. शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणता येणं. तोफखान्यात असताना अशी सोय मिळाली असती तर मी त्यासाठी काहीही दिलं असतं.

पण सोय असणं आणि ती वापरली जाणं यात माणूस उभा असतो. अचूकतेला लोक दया समजतात, ते खरं नाही. युक्रेनमधल्या खेरसॉन शहरात नदीपलीकडून रशियन चालक छोटे ड्रोन सोडतात. चष्म्यातून त्यांना थेट चित्र दिसतं, माणूस सायकलवर आहे की पायी हेही कळतं. त्या ड्रोननी रस्त्यावरच्या सामान्य लोकांना, रुग्णवाहिकांना हेरून मारलं. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. तिथे नेम चुकला म्हणून लोक मेले नाहीत, नेम बरोबर लागला म्हणून मेले.

आणखी एक पद्धत आहे, तिच्याबद्दल सोलापूरकराने तरी गप्प बसू नये. एक हल्ला करायचा, मदतीला लोक धावून आले की त्याच जागी दुसरा. आपल्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. त्यांचं स्मारक आपण अभिमानाने दाखवतो. जखमीवर वाकलेल्या माणसाला मारायचं नाही, हा युद्धाच्या जुन्या नियमांपैकी एक आहे. वरून आठ तास बघू शकणाऱ्याला ‘तो डॉक्टर होता हे कळलं नाही’ असं म्हणायचा अधिकार उरत नाही.

युद्धाचे नियम तसे थोडकेच. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. लष्करी फायद्याच्या मानाने निरपराधांची हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला करू नका. हल्ल्याआधी जमेल ती सर्व खबरदारी घ्या. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी करारात हे लिहिलेलं आहे. भारत त्या करारात सामील नाही, पण १९४९ चे चारही जिनिव्हा करार आपण मानले आहेत, त्यासाठी १९६० चा कायदाही केला आहे, आणि ही तीन तत्त्वं रूढ नियम म्हणून सगळ्यांनाच लागू धरली जातात. माझं म्हणणं इतकंच की ‘जमेल ती खबरदारी’ या शब्दांचा अर्थ हत्यारागणिक बदलतो. खंदकातल्या जवानाला जमेल ती वेगळी, ड्रोनवाल्याला जमेल ती कितीतरी जास्त.

यंत्रानेच लक्ष्य निवडून मारायचं, माणसाने बटणही दाबायचं नाही, हा पुढचा टप्पा दारात उभा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आणि रेड क्रॉसच्या अध्यक्षा यांनी मिळून २०२६ पर्यंत यावर बंधनकारक करार करा असं आवाहन केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेत या विषयावर ठराव आला तेव्हा १५२ देश बाजूने होते, चार विरोधात. त्या चारांत भारत होता. आपल्या सरकारची बाजू अशी की याची चर्चा पारंपरिक शस्त्रांच्या कराराच्या चौकटीत आधीच चालू आहे, समांतर रस्ता नको. शेजार बघता सावधपणा मला समजतो. पण ज्या यंत्राला ‘का मारलंस’ असं विचारून उत्तर मिळत नाही, त्याच्या हाती निर्णय देणं मला पटत नाही. ज्या सैन्यात मी होतो तिथे प्रत्येक फायर ऑर्डरमागे एक नाव असायचं.

आता पोलिसांकडे येतो.

युद्धाचा कायदा काही माणसांना केवळ ती शत्रूच्या सैन्यात आहेत म्हणून मारायची मुभा देतो. झोपलेला शत्रूसैनिकही कायदेशीर लक्ष्य असतो. पोलिसांपुढे असा शत्रू नसतोच. समोर असतो तो नागरिक, फार तर आरोपी. म्हणून दोन्हीकडची हत्यारंसुद्धा सारखी नाहीत. अश्रुधुराचंच घ्या. रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार तो युद्धाचं साधन म्हणून वापरायला बंदी आहे आणि दंगल पांगवायला परवानगी आहे. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण त्यामागे विचार आहे. पोलिसांचा हेतू लोकांना घरी पाठवण्याचा असतो. रणांगणात तोच धूर लोकांना आडोशाबाहेर काढून मारण्यासाठी वापरला जाईल. तेव्हा ‘सैन्याला चालतं ते पोलिसांना का नाही’ या प्रश्नाला कायद्याने कित्येक दशकांपूर्वीच उत्तर दिलंय: दोघांचं काम एक नाही.

मग पोलिसाला गोळी झाडायचा अधिकार येतो कुठून? जीव वाचवण्यातून. स्वतःचा किंवा शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी. १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांमध्ये स्पष्ट आहे की जीव वाचवायला दुसरा मार्ग उरलेला नसेल तेव्हाच जाणूनबुजून जीवघेणा वापर करावा. आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेच्या वेळी लागेल ते बळ वापरू देतं, पण फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसलेल्याला ठार मारायचा अधिकार देत नाही. बाकी सगळा बचाव स्वसंरक्षणाचा.

आणि ड्रोनला स्वतःचा जीव नसतो. त्याच्यावर दगड मारला तर पंखा तुटेल, एखाद लाखाचं नुकसान होईल. चालवणारा अर्ध्या किलोमीटरवर व्हॅनमध्ये आहे. ज्या पायावर पोलिसाचा गोळी झाडायचा हक्क उभा आहे तो पायाच इथे निघून जातो. उरतो तो फक्त तिसऱ्याचा जीव वाचवण्याचा प्रसंग, म्हणजे कुणी ओलीस धरलाय, कुणी गर्दीवर गोळीबार करतोय असा. असे प्रसंग येतात. ७ जुलै २०१६ ला अमेरिकेत डॅलसमध्ये एकाने पाच पोलीस मारले आणि इमारतीत दडून बसला. तासन्‌तास बोलणी झाली, शेवटी पोलिसांनी बॉम्बनाशक रोबोटच्या हातात सुमारे अर्धा किलो स्फोटक देऊन तो त्याच्याजवळ पाठवला आणि उडवला. तिथल्या पोलिसांनी रोबोटने माणूस मारल्याची ती पहिली वेळ. त्या रात्री त्या अधिकाऱ्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला खात्रीने सांगता येत नाही. पण एवढं निश्चित वाटतं की तो भिंतीमागे कोंडलेला होता. तेव्हा रोबोट पाठवता येत होता तर वेळही काढता आला असता.

अपवादाचं पुढे काय होतं ते महत्त्वाचं. २९ नोव्हेंबर २०२२ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर मंडळाने पोलिसांच्या रोबोटला जीवघेणं बळ वापरायची मुभा आठ विरुद्ध तीन मतांनी दिली. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी टेसर, म्हणजे विजेचा झटका देणारं पिस्तूल, बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने शाळांमध्ये टेसर लावलेले ड्रोन ठेवायची कल्पना मांडली. तिच्या स्वतःच्या नीतिमंडळातल्या नऊ जणांनी राजीनामे दिले आणि काम थांबलं. ही उदाहरणं मी मुद्दाम सांगतो, कारण ‘तंत्रज्ञान आलं की थांबत नाही’ असं लोक हात झटकून म्हणतात. थांबतं. कुणीतरी राजीनामा दिला की थांबतं.

तुमच्या ठेकेदाराने ‘तूर्त कॅमेराच’ म्हटलंय. अमेरिकेचं प्रेडेटर हे ड्रोन विमान १९९५ मध्ये बॉस्नियावर उडत होतं तेव्हा तेही नुसत्या कॅमेऱ्याचं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच्यावरून क्षेपणास्त्र सोडायची पहिली चाचणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते हत्यारासकट अफगाणिस्तानावर होतं. आठ महिने. तुमच्या फवारणीच्या ड्रोनला तर आठ दिवसही लागणार नाहीत. दहा लिटरची टाकी उचलणारं यंत्र दहा किलोचं काहीही उचलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मणिपुरात गावावर ड्रोनमधून बॉम्ब टाकले गेले, त्याला काही मोठं तंत्रज्ञान लागलं नव्हतं.

पोलिसी काम आकाशातून करायचा प्रयोग नवा नाही. जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ ला, गुजरांवालात जमावावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले, मशीनगन चालवली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिटीपुढे त्याची झडती झाली. स्वतंत्र भारतातही मार्च १९६६ मध्ये बंड मोडताना ऐझॉलवर आपल्याच हवाईदलाची विमानं गेली. मिझोराममध्ये ते कुणी विसरलेलं नाही. वर्दी घातलेल्या माणसाने हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. आपल्याच लोकांवर वरून मारा केला की ती जखम दोन-तीन पिढ्या भरत नाही.

आणि सोलापूरला हे कुणी शिकवायला नको. ८ मे १९३० च्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. शहर पेटलं, चार दिवसांनी मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत. मग धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी आपण दरवर्षी जातो. त्या गोळीबारातही बंदुकीमागे एक चेहरा होता. लोकांनी तो पाहिला. हुकूम कुणी दिला, कुठे उभं राहून दिला, यावर शहर आजही बोलू शकतं. समजा तेव्हा वर ड्रोन असता. लोकांनी कुणाकडे बघून घोषणा दिल्या असत्या? ज्या पोलिसाला आपल्याच गल्लीतल्या माणसाच्या डोळ्यात बघून चाप ओढायचा असतो, तो कधीतरी ओढत नाही. हे ‘न ओढणं’ आपल्या समाजाला कित्येकदा वाचवून गेलंय आणि त्याची नोंद कुठल्याच फायलीत नसते.

आता तुमच्या नळकांड्याकडे. १३ फेब्रुवारी २०२४ ला शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. आपल्या हद्दीत ड्रोन आले म्हणून पंजाबने आक्षेप घेतला. शेतकऱ्यांनी ते खाली पाडायला पतंग उडवले. ‘धूरच तर आहे, गोळी नव्हे’ असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. तुम्ही ड्रोन उडवता, म्हणून तुम्हाला हिशेब सांगतो. पन्नास मीटरवरून सोडलेली जड वस्तू, हवेचा विरोध सोडला तर, जमिनीवर येते तेव्हा ताशी एकशे दहा किलोमीटरच्या आसपास वेगात असते. धातूचं नळकांडं डोक्यात बसलं तर ते धूर राहत नाही. खाली उतरून सोडावं तर पंख्यांचा वारा धूर कुठे ढकलेल याचा भरवसा नाही. फवारणीत वाऱ्याने औषध शेजारच्या वावरात गेलं की काय भांडणं होतात, ते तुम्ही पाहिलंय.

त्याहून गंभीर गोष्ट गर्दीची आहे. जमिनीवरचे पोलीस धूर सोडतात तेव्हा एका बाजूने सोडतात आणि लोकांना पळायला दुसरी बाजू मोकळी ठेवतात. निदान तसं शिकवतात. ड्रोन गर्दीच्या मध्यावर जातो. मध्यावर धूर पडला की लोक दहा दिशांना धावतात आणि एकमेकांखाली येतात. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून वर बघा. गर्दी कुठे दाटतेय, कुठला रस्ता तुंबलाय, हे बघायला तिथे कॅमेऱ्याचा ड्रोन हवाच, त्याने माणसं वाचतात. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेतही हवा. त्याच ड्रोनमधून त्या गर्दीत काही पडलं तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

शिवाय कायदा आधी हुकूम मागतो. बेकायदा जमावाला पांगायला सांगितलं पाहिजे, आणि सांगणारा दंडाधिकारी किंवा ठरावीक दर्जाचा पोलीस अधिकारी असला पाहिजे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ तेच म्हणतं. हुकूम ऐकू गेला पाहिजे, पांगायला वेळ मिळाला पाहिजे, त्यानंतर बळ. ठेकेदाराचा पगारी पोरगा या साखळीत कुठेच बसत नाही. उद्या कुणी मेलं तर फिर्यादीत पहिलं नाव बटण दाबणाऱ्याचं येईल, आणि तुम्हाला अधिकाऱ्यासारखं कायद्याचं संरक्षण असेलच असं नाही.

गोळीबारानंतरच्या चौकशीचंही बघा. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हायची, संबंधित पोलिसाने हत्यार तपासणीला जमा करायचं. बंदूक जमा करता येते, ती बॅलिस्टिकला जाते. ड्रोनच्या बाबतीत ‘हत्यार’ म्हणजे काय? यंत्र, रिमोट, उड्डाणाचा लॉग, मूळ व्हिडिओ, कोणत्या क्षणी कुणी काय सांगितलं त्याचं ध्वनिमुद्रण. यातलं निम्मं ठेकेदाराच्या लॅपटॉपवर असतं आणि एकदा फॉरमॅट मारला की पुसलं जातं. ही व्यवस्था लागेपर्यंत पोलिसी ड्रोनवर कसलंच हत्यार नको, धुराचंही नको. जीवघेणं हत्यार तर ती लागल्यानंतरही नको, असं माझं मत आहे.

तुम्ही लेखी करार मागा. त्यात काम ‘निरीक्षण आणि ध्वनिक्षेपण’ एवढंच आहे हे शब्दांत यायला हवं, आणि ड्रोनला कुठलीही वस्तू सोडायची यंत्रणा बसवली जाणार नाही हेही. प्रत्येक उड्डाणाचा हुकूम कोणत्या अधिकाऱ्याने दिला ते नाव, हुद्दा, वेळ तुमच्या वहीत लिहा, त्याच दिवशी, शाईने. उड्डाणाचे लॉग स्वतः पुसू नका आणि कुणी पुसायला सांगितलं तर ते लेखी मागा. चित्रीकरण कोण किती दिवस ठेवणार हे विचारा. मोर्चात कोण कोण होतं याची यादी करण्यासाठी ते वापरलं जाणार असेल तर तो वेगळा आणि तितकाच मोठा प्रश्न आहे, त्यावर सवडीने बोलू. आणि ऐन बंदोबस्तात कुणी नळकांडं बसवायला आणलं, तर ड्रोन खाली उतरवा, बॅटरी काढा आणि ‘माझ्या करारात हे नाही’ एवढंच म्हणा. ओरडायची गरज नाही.

करार हातात आला की सही करण्याआधी मला आणून दाखवा. एकेक कलम बसून वाचू.